कमी वाजवणाऱ्याचे ऋण

आपल्या गावांतून ‘डीजे’ हा शब्द आता सहसा माणसाला उद्देशून उच्चारला जात नाही. विसर्जनाच्या मिरवणुकीत ट्रॉलीवर रचलेली ध्वनिवर्धकांची भिंत म्हणजे डीजे. बेळगाव-कोल्हापूरकडे तिलाच डॉल्बी म्हणतात. ‘डीजेला बंदी’ असे वर्तमानपत्रात छापून येते, तेव्हा ही बंदी कोणा कलावंतावर आहे अशी शंकाही वाचकाच्या मनाला शिवत नाही. मुळात हे एका कामाचे आणि ते काम करणाऱ्या माणसाचे नाव. दुसऱ्यांनी निर्मिलेल्या ध्वनिमुद्रिका पारखून निवडणे, त्या एकमेकींत गुंफणे आणि समोर नाचणाऱ्या समुदायासाठी एक संपूर्ण रात्र बांधणे, हे ते काम. शब्द राहिला, माणूस गळून पडला आणि त्याच्या जागी लाकडी खोक्यांची उतरंड येऊन बसली.

भाषेत असे का घडते, हा भाषाशास्त्राचा प्रश्न झाला. आम्हाला त्यामागचा एक नैतिक प्रश्न अधिक महत्त्वाचा वाटतो. ज्याच्या कलेचे यशच मुळी त्याने स्वतः मागे राहण्यात आहे, अशा कलावंताचे मोल न ओळखणे हा केवळ अभिरुचीचा दोष समजावा, की त्यात काही देणे बुडवल्याचाही अंश आहे? या प्रश्नाचा विचार आपल्या संगीताच्या आधारेही करता येईल. पण तेथे घराण्यांचे अभिमान आणि गुरुजनांविषयीची ममता आड येते. म्हणून आम्ही मुद्दाम एक दूरचे उदाहरण घेत आहोत: ‘मिनिमल टेक्नो’ नावाचे अमेरिकी नृत्यसंगीत आणि त्या क्षेत्रात जाणकारांच्या आदरास पात्र असूनही बाहेर फारसे ज्ञात नसलेले डॅनियल बेल.

टेक्नोचा जन्म १९८० च्या दशकात डेट्रॉइट या मोटारींच्या शहरात झाला. १९५० साली या शहराची लोकसंख्या साडेअठरा लाखांच्या आसपास होती. १९९० साली ती सुमारे दहा लाख अठ्ठावीस हजारांवर उतरली होती. कारखाने उपनगरांत आणि इतर राज्यांत गेले, १९६७ च्या दंगलीनंतर गोऱ्या कुटुंबांचे शहर सोडणे वाढले, आणि ज्या ‘मोटाउन’ ध्वनिमुद्रिका कंपनीने डेट्रॉइटचे नाव जगभर नेले, तिनेही १९७२ साली आपले बिऱ्हाड लॉस एंजेलिसला हलवले. ओस पडत चाललेल्या या शहराजवळच्या बेलव्हिल गावी शाळेत एकत्र आलेले हुआन ॲटकिन्स, डेरिक मे आणि केव्हिन सॉन्डरसन हे तीन कृष्णवर्णीय तरुण या संगीताचे आद्य प्रवर्तक मानले जातात. जर्मनीच्या क्राफ्टवेर्कचे यांत्रिक सूर आणि कृष्णवर्णीयांच्या फंक संगीताची लय यांचा संयोग त्यांनी स्वस्तात मिळणाऱ्या जपानी वाद्ययंत्रांवर साधला. १९८८ साली लंडनहून त्यांच्या आणि त्यांच्या सहकाऱ्यांच्या रचनांचे संकलन निघाले आणि ‘टेक्नो’ हे नाव रूढ झाले.

१९८९ साली बर्लिनची भिंत पडली. पूर्व बर्लिनच्या रिकाम्या इमारतींत नवे नृत्यगृह उघडू लागले. १९९१ साली एका जुन्या बहुविभागी दुकानाच्या तळघरातील तिजोरीत सुरू झालेले ‘ट्रेझोर’ हे त्यांतले सर्वांत प्रसिद्ध. डेट्रॉइटला घरी जो श्रोता मिळाला नाही, तो येथे मिळाला. पण मागणीबरोबर भपकाही आला. नव्वदच्या दशकाच्या आरंभी युरोपातील मेळाव्यांतून संगीत अधिकाधिक वेगवान, कर्कश आणि भरगच्च होत गेले. या अतिरेकाला उत्तर म्हणून डेट्रॉइटमधील काहींनी उलट दिशा धरली. रॉबर्ट हूड यांनी १९९४ साली ‘मिनिमल नेशन’ ही ध्वनिमुद्रिका काढली. तीत जे काढून टाकता येईल ते सर्व काढून टाकले होते. एक ठोका, एखादी स्वराकृती, झांजेची बारीक किणकिण. आणि हे सारे इतके नेमके, की आणखी एक वस्तू काढली तर इमारत कोसळेल आणि एक वाढवली तर ती गुदमरेल. पुढे हूड ख्रिस्ती धर्मोपदेशक झाले, हे कळल्यावर त्या संगीतातील संयमाचे फारसे आश्चर्य वाटत नाही.

त्याच वर्षी डॅनियल बेल यांनी ‘डीबीएक्स’ या नावाने ‘लूझिंग कंट्रोल’ ही रचना प्रसिद्ध केली. बेल जन्माने कॅलिफोर्नियातील सॅक्रामेंटोचे, वाढले कॅनडात आणि कलावंत म्हणून डेट्रॉइटशी जोडले गेले. १९९० साली रिची हॉटिन व जॉन ॲक्वाव्हिव्हा यांच्यासह ‘सायबरसॉनिक’ या नावाखाली त्यांनी केलेली ‘टेक्नार्की’ ही रचना चांगलीच आक्रमक होती. हा तपशील आम्हाला मोलाचा वाटतो. मोठा आवाज कसा करावा हे त्यांना ठाऊक होते, आणि तो गाजतो याचाही अनुभव होता. तरी त्यांनी तो सोडला. ‘लूझिंग कंट्रोल’मध्ये एक ढोलाचा ठोका आहे, मोजके टिकटिकणारे स्वर आहेत आणि यंत्रातून वाकवलेला एक मानवी आवाज आहे, जो शीर्षकातील शब्द पुन्हापुन्हा उच्चारतो. ताबा सुटण्याविषयीची ही रचना कमालीच्या ताब्याने बांधलेली आहे, ही तिच्यातील सूक्ष्म विनोदाची जागा. ती ऐकून कोणी भारावून जात नाही. काही मिनिटांनी एवढेच लक्षात येते की आपण त्या आवाजाच्या किंचित बदलणाऱ्या पट्टीकडे श्वास रोखून लक्ष देत आहोत.

नसणे आणि न घेणे यांत आपल्या परंपरेने नेहमीच भेद केला आहे. दरिद्री आणि अपरिग्रही यांच्या घरातील सामान सारखेच कमी असेल. पण पहिल्याची अवस्था परिस्थितीने लादलेली, दुसऱ्याची त्याने निवडलेली. डेट्रॉइटच्या या कलावंतांत दोन्ही गोष्टी होत्या. त्यांच्याजवळ यंत्रे मोजकी आणि पुष्कळदा जुनी होती, हे खरे. रोलँड कंपनीचे ‘टीआर-९०९’ हे तालयंत्र १९८३ साली बाजारात आले आणि थोड्याच वर्षांत उत्पादनातून गेले. असल्या टाकून दिलेल्या यंत्रांवरच हे संगीत उभे राहिले. पण त्या यंत्रांवरही गोंगाट करता आला असता, आणि अनेकांनी तो केला. म्हणून बेल आणि हूड यांच्या रचनांतील रिकामेपण केवळ परिस्थितीच्या खाती टाकता येत नाही. ती त्यांची निवड आहे. निवड असल्यामुळेच तिचे मूल्यमापन करणे शक्य होते.

रचनाकार म्हणून केलेला हा त्याग डीजे म्हणून काम करताना आणखी एक पायरी खाली उतरतो, कारण तेथे रचनाही पुष्कळदा दुसऱ्याची असते. हे काम कसे चालते ते थोडक्यात पाहू. दोन तबकड्या, मध्ये मिश्रणयंत्र आणि कानाला एक श्रवणयंत्र, एवढी सामग्री. एक तबकडी सभागृहात वाजत असते. दुसरी फक्त त्याच्या कानात. तबकडीचा वेग काही टक्क्यांनी कमी-अधिक करता येतो. पुष्कळ ठिकाणी वापरात असलेल्या टेक्निक्सच्या यंत्रावर ही मर्यादा आठ टक्के आहे. त्या मर्यादेत दुसऱ्या तबकडीचा ठोका पहिल्याशी जुळवायचा आणि मग दोन्ही मिनिटेच्या मिनिटे एकत्र चालवायच्या, की ऐकणाऱ्याला पहिली कधी संपली आणि दुसरी कधी सुरू झाली हे कळूच नये. मिनिटाला १३० ठोके धरले, तर तासाला सात हजार आठशे ठोके होतात. त्यांतला एक घसरला तरी नाचणाऱ्याच्या पायाला तो कळतो. सातही हजार नीट पडले, तर कोणालाच काही कळत नाही. चूक दिसते आणि अचूकता दिसत नाही, असे हे काम आहे.

हिंदुस्थानी संगीत ऐकणाऱ्याला या कामाची जात अनोळखी वाटू नये. तबल्याच्या स्वतंत्र वादनात हार्मोनियम किंवा सारंगी लेहरा धरते. एकच आवर्तन, तेच स्वर, पाऊण तास, तासभर. लेहरा धरणारा लयीत यत्किंचित डगमगला, तर तबलजीची सारी बांधणी मोडते. तो न डगमगता बसला, तर टाळ्या तबल्याला मिळतात. टेक्नोच्या अखंड चार ठोक्यांना खाली नसते, असा एक आक्षेप आपल्याकडील जाणकार घेतील. तो वरवर बरोबर आहे. पण त्रितालात खाली ओळखू कशी येते? डग्ग्याचा घुमारा थांबतो आणि समेची वाट मोकळी होते. चांगला डीजे मिश्रणयंत्रावरील खर्जाची कळ फिरवून नेमके हेच करतो. तो काही आवर्तने खर्ज काढून घेतो, ठोक्याची केवळ टोके उरतात, आणि मग योग्य क्षणी खर्ज परत सोडतो. समुदायाच्या पायाखाली जमीन परत येते. खर्ज काढून घेण्याचा मोह आवरणे आणि तो शक्य तितक्या क्वचित वापरणे, यावरून त्याची पारख होते.

बेल यांनी २००० साली ट्रेझोरसाठी केलेल्या अशा एका गुंफणीला ‘द बटन-डाउन माइंड ऑफ डॅनियल बेल’ असे नाव दिले. हे नाव अमेरिकी विनोदी कलावंत बॉब न्यूहार्ट यांच्या १९६० सालच्या ध्वनिमुद्रिकेवरून घेतलेले आहे. न्यूहार्ट नीटनेटक्या कारकुनी पोशाखातील माणसाच्या थाटात दूरध्वनीवर बोलत. पलीकडचा माणूस कधीच ऐकू येत नसे. त्याची अर्धी बाजू श्रोते मनातल्या मनात पुरी करीत आणि हसत. मिनिमल टेक्नोचे मर्म सांगायला यापेक्षा नेमका संदर्भ क्वचितच सापडेल. वाजते ते अर्धे संभाषण. उरलेले अर्धे ऐकणाऱ्याने पुरवायचे.

आता मूळ प्रश्नाकडे वळू. अशा कलावंताला ‘उपेक्षित’ म्हणताना आपण नेमके काय म्हणतो? कीर्ती, मोल आणि ऋण या तीन गोष्टी येथे वेगळ्या केल्या पाहिजेत. कीर्ती म्हणजे लोक काय म्हणतात ते. मोल वस्तूत असते. कोणी ऐको वा न ऐको. ऋण मात्र घेणाऱ्याकडे असते. ज्याने बेल यांचे संगीत कधी ऐकलेच नाही, तो त्यांचे काही देणे लागत नाही. त्याच्या अज्ञानाला उपेक्षा म्हणणे अन्यायाचे होईल. पण ज्यांनी त्या संगीतावर रात्री नाचून काढल्या, ज्यांनी त्याच्या रिकामेपणातून धडे घेऊन आपली रचना बांधली, ज्यांनी २००० नंतरच्या दशकात ‘मिनिमल’ हा शब्द युरोपभर विकला, त्यांच्याकडे हे ऋण निश्चित आहे. म्हणजे न ओळखणे हा सरसकट नैतिक दोष नाही. लाभ घेऊन न ओळखणे हा आहे.

या भूमिकेवर तीन आक्षेप संभवतात. पहिला असा, की जो स्वतः मागे राहू इच्छितो त्याला पुढे ओढणे हाच त्याच्यावर अन्याय नाही काय? डेट्रॉइटच्या ‘अंडरग्राउंड रेझिस्टन्स’ या गटाचे सभासद चेहरा झाकून रंगमंचावर येत. व्यक्तिपूजेला त्यांचा तत्त्वतः विरोध होता. आक्षेप गंभीर आहे. पण स्वतःचा चेहरा झाकण्याचा अधिकार ज्याचा त्याला असतो. दुसऱ्याचे नाव पुसण्याचा अधिकार कोणालाच नसतो. ज्ञानमार्गी माणूस देहाभिमान सोडतो, म्हणून त्याचे घर लुटण्याची मुभा शेजाऱ्याला मिळत नाही. या गटाच्या मुखवट्यामागे अमेरिकेतील कृष्णवर्णीय संगीताचा इतिहासही उभा होता, ज्यात निर्मिती एकाची आणि नाव दुसऱ्याचे, हे वारंवार घडले. त्या इतिहासात नाव घेणे म्हणजे स्तुती नसून हिशेब आहे.

दुसरा आक्षेप रसिकावरच आहे. अप्रसिद्धाचे कौतुक हा पुष्कळदा प्रसिद्धीचाच उलटा बाजार असतो. ‘तुम्हाला ठाऊक नाही, आम्हाला आहे’ या सुखासाठी माणूस अज्ञात कलावंत शोधत फिरतो, आणि त्या कलावंताला नाव मिळू लागले की याचा रस ओसरतो. ही वृत्ती साहित्यातही आहे, संगीतातही. लहान मंडळांतून तर ती चांगली पोसली जाते. तिला ओळखण्याची एक सोपी कसोटी आहे. ज्याला आपण उपेक्षित म्हणतो तो उद्या जगप्रसिद्ध झाला, तर आपल्याला आनंद होईल की काही हरवल्यासारखे वाटेल? हरवल्यासारखे वाटणार असेल, तर आपण कलावंतावर प्रेम करीत नव्हतो. त्याच्या अज्ञातपणाचे भाडे खात होतो.

तिसरा आक्षेप सर्वांत जुना आहे: यंत्राची ही एकसुरी पुनरावृत्ती माणसाला जागे करत नाही, बधिर करते. त्यात रात्रीची नृत्यगृहे आणि तेथील मादक पदार्थ यांची भर घातली, की प्रकरण निकालात निघाले असे मानले जाते. गोव्याच्या वाचकांना तर या चर्चेचा कंटाळा आला असेल. तेथील किनाऱ्यावर वाढलेले ट्रान्स संगीत ही वेगळी शाखा असली, तरी आक्षेप तेच आहेत. परिसरावरून कलेचा निवाडा करायचा, तर आपल्या ठुमरीचे काय करायचे, जी कोठ्यांवर जपली गेली? पण यामुळे आक्षेपातील सत्यांश नाहीसा होत नाही. पुनरावृत्ती बधिर करू शकते. कवायतीचा ढोलही चारच ठोक्यांचा असतो. फरक कोठे आहे ते पाहिले पाहिजे. कवायतीचा ठोका सर्व पायांना एकच पाऊल टाकायला लावतो. नृत्यगृहातील ठोक्यावर प्रत्येक जण वेगळा हलतो. शिवाय चांगल्या मिनिमल रचनेत एकसारखे असे काही नसते. सोळा आवर्तनांत झांज किंचित उशिरा पडते, स्वराचे टोक थोडे गोल होते, आणि ज्याचे लक्ष सुटले त्याच्या हातून तेवढाच बदल निसटतो. टाळाच्या एकाच ठेक्यावर चालणारे भजन आणि घोकंपट्टी यांत जो फरक, तोच येथे. जी पुनरावृत्ती लक्ष मागते ती श्रोत्याला माणूस समजते. जी लक्ष मारते ती त्याला जनावर समजते. मिरवणुकीतील भिंत आणि बेल यांची तबकडी यांना एकाच नावाने ओळखणे म्हणूनच आम्हाला खटकते.

आपण स्वतः या बाबतीत कोठे उभे आहोत, हेही सांगितले पाहिजे. मुंबईच्या चित्रपटसंगीतात वादक म्हणून आयुष्य घालवलेले चरणजित सिंग यांनी १९८२ साली दहा राग डिस्कोच्या ठेक्यावर बांधून एक ध्वनिमुद्रिका केली. मेघमल्हार, यमन, मालकंस हे राग त्यांनी रोलँडच्या तीन यंत्रांवर वाजवले. त्यांतील ‘टीबी-३०३’ हे यंत्र पुढे १९८७ साली शिकागोच्या ‘ॲसिड ट्रॅक्स’ या रचनेमुळे जगाला माहीत झाले. सिंग यांची ध्वनिमुद्रिका ना खपली, ना तिची चर्चा झाली. रागाच्या श्रोत्याला ती डिस्को वाटली असावी आणि डिस्कोच्या श्रोत्याला राग. २०१० साली एका डच संग्राहकाने ती पुन्हा प्रसिद्ध केली, तेव्हा युरोपातील जाणकार थक्क झाले. सिंग यांना उतारवयात परदेशी रंगमंच मिळाले. २०१५ साली ते मुंबईत वारले. मधली अठ्ठावीस वर्षे ती तबकडी येथेच होती, आणि ते स्वतःही येथेच होते. लाभ घेऊन विसरल्याचा दोष येथे लागत नाही, कारण आपण लाभच घेतला नाही. मात्र रागसंगीताचे वारस म्हणवणाऱ्यांनी कान उघडे ठेवले नाहीत, हा दोष उरतोच. वारसा सांगणे म्हणजे काही कर्तव्य पत्करणेही असते.

मार्च २०२४ मध्ये जर्मनीने बर्लिनच्या टेक्नो संस्कृतीचा समावेश आपल्या अमूर्त सांस्कृतिक वारशाच्या राष्ट्रीय सूचीत केला. ज्या डेट्रॉइटमध्ये हे संगीत जन्मले, त्या शहराच्या प्रशासनाला जुलै २०१३ मध्ये दिवाळखोरीसाठी अर्ज करावा लागला होता. बर्लिनकरांवर कृतघ्नतेचा आरोप करता येणार नाही. ट्रेझोरने १९९३ सालीच एका संकलनाच्या नावात दोन्ही शहरांची युती जाहीर केली होती. तरीही सन्मान शेवटी जेथे छप्पर शाबूत असते तेथेच वस्तीला जातो, हे यातून दिसते. म्हणून ऋणाची फेड केवळ सन्मानांवर सोपवून चालत नाही. ती प्रत्येक ऐकणाऱ्याला आपापल्या परीने करावी लागते.

ती कशी करावी? पुतळे, पुरस्कार यांची येथे गरज नाही. ज्याने कमी वाजवण्याचे व्रत घेतले त्याच्या गळ्यात जाड हार शोभणारही नाही. आमच्या मते दोन गोष्टी पुरेशा आहेत. एक, नाव विचारणे. कारण ज्याने आपल्यासाठी काही केले त्याचे नाव माहीत असणे ही कृतज्ञतेची पहिली पायरी आहे. दुसरी, पूर्ण वेळ ऐकणे. कारण जे अर्धे वाजते ते अर्धवट ऐकले तर हाती काहीच लागत नाही. या दोन्ही गोष्टींसाठी डेट्रॉइटला जावे लागत नाही. ग्वाल्हेर, इंदूर, वडोदरा, बेळगाव यांपैकी कोठेही तबल्याच्या स्वतंत्र वादनाला बसाल, तेव्हा काही आवर्तने तबल्यावरून लक्ष काढून लेहऱ्याकडे द्यावे, आणि कार्यक्रम संपल्यावर तो कोणी धरला होता हे विचारून घ्यावे. कार्यक्रमपत्रिकेत ते नाव नसेल, तर पुढच्या वेळी ते छापावे असे आयोजकांना सांगावे.